युग्लीनाचे प्रकाशानुचलन मोजण्यासाठी स्वस्त सूक्ष्मदर्शक: रचना सुचवा

ओढ्याकाठी

शाळेच्या विज्ञान मंडळासाठी (आठवी-नववी) एक सूक्ष्मदर्शक बांधायचा आहे. नुसते 'बघायला' नको. युग्लीनांवर (पाण्यातले हिरवे, पोहणारे एकपेशीय जीव) एका बाजूने प्रकाश टाकला की त्या कुठे वळतात (हेच प्रकाशानुचलन), किती वेगाने पोहतात, हे चित्रित करून मुलांना आलेख काढता यावा एवढी अपेक्षा.

हाताशी असलेले: अटल टिंकरिंग लॅबचा थ्रीडी प्रिंटर, एक रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक, पुढे नुसते 'पाय'), त्याचा कॅमेरा मॉड्यूल व्ही २, आणि स्टँड मोडलेल्या जुन्या शालेय सूक्ष्मदर्शकाची ४×, १०×, ४०× ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याकडची भिंगे). बाकीच्या खर्चाला पाच हजारांपर्यंत मुभा आहे.

अडलेले मुद्दे:
१. कोणते ऑब्जेक्टिव्ह? की कॅमेऱ्याचेच भिंग उलटे बसवावे?
२. कच्च्या जुळणीत खालून पांढरा एलईडी आणि बाजूने निळा असे केले. निळा लावला तरी युग्लीना जशा भिरभिरत होत्या तशाच राहतात, एका दिशेला जात नाहीत. निळा जास्त तीव्र केला तरी तेच.
३. युग्लीना भरपूर आणि सतत कशा मिळवाव्यात?
४. चित्रफितीतून आकडा कसा काढायचा?

---

फिरकी

पहिल्या मुद्द्याचे उत्तर: ४×. मोठे वर्धन घेण्याचा मोह सगळ्यांना होतो, पण गणित करून बघा.

व्ही २ चा सेन्सर (सोनी आयएमएक्स २१९) ३.६८ × २.७६ मिमीचा आहे. नळीची लांबी नेहमीची ठेवली तर ४× मध्ये स्लाइडवरचे ०.९२ × ०.६९ मिमी क्षेत्र दिसते, १०× मध्ये ०.३७ × ०.२८ मिमी. युग्लीना सेकंदाला साधारण १०० मायक्रॉन पोहते. म्हणजे १०× मध्ये ती चार सेकंदांच्या आत चौकटीतून पसार. तिला वळायलाच काही सेकंद लागतात, तेव्हा वळण पुरे होण्याआधीच ती दिसेनाशी होते. ४० × चा विचार या कामासाठी सोडूनच द्या.

दुसरे कारण फोकसच्या खोलीचे. तरंगलांबीला एनएच्या (भिंग किती रुंद शंकूतला प्रकाश घेते त्याचे माप; ४×/०.१० मधला दुसरा आकडा) वर्गाने भागले की अंदाज मिळतो. लाल प्रकाशात (६२५ नॅनोमीटर) ४×/०.१० ला ही खोली साधारण ६० मायक्रॉन येते, १०×/०.२५ ला फक्त १०. पाण्याचा थर १०० मायक्रॉन जाड असेल तर १०× मध्ये युग्लीना सारखी धूसर होते आणि संगणकाला तिचा माग हरवतो. पृथक्करणाची (किती जवळचे दोन बिंदू वेगळे दिसतात त्याची) चिंता नको. ४× मध्ये सुमारे ३.८ मायक्रॉन मिळते आणि युग्लीना ग्रॅसिलिस ५० मायक्रॉन लांब असते. शरीराचा अक्ष कुठल्या दिशेला आहे ते चांगले कळते.

जोडणी अशी: पाय कॅमेऱ्याचे भिंग फिरवून काढा (मॉड्यूलसोबत पांढरी प्लास्टिकची चकती येते, ती त्यासाठीच). सेन्सर उघडा पडला की लगेच नळीवर बसवा आणि तोंड खाली धरूनच काम करा. एकदा धूळ बसली की ती प्रत्येक चौकटीत दिसते, आणि सेन्सर पुसायला गेलात तर ओरखडा पडतो. जुनी ऑब्जेक्टिव्ह १६० मिमी नळीची असतील तर प्रतिमा ऑब्जेक्टिव्हच्या खांद्यापासून (आटे संपतात तिथल्या कडेपासून) १५० मिमीवर पडते, १६० वर नाही. पुष्कळ जण १६० मिमीची नळी छापतात. ४× ला त्याने फारसे बिघडत नाही, ४०× ला बिघडते.

उलट मी तर सेन्सर मुद्दाम जवळ आणायला सांगेन. खांद्यापासून १०० मिमीवर ठेवलात तर वर्धन साधारण अडीचपट उरते आणि दिसणारे क्षेत्र जवळजवळ दीड मिमी रुंद होते. एनए ०.१० ला त्यातून येणारा दोष नगण्य असतो. १६४० × १२३२ च्या रीतीने चित्रण केले (दोन-दोन पिक्सेल एकत्र, सेकंदाला ४० चौकटींपर्यंत) तर एक पिक्सेल स्लाइडवर ०.९ मायक्रॉनचा होतो. त्यातला लाल रंगाचा पिक्सेल एकाआड एक, म्हणजे १.८ मायक्रॉनवर. ३.८ चे पृथक्करण टिपायला एवढे पुरते.

एक खाचखळगा: ६४० × ४८० च्या जलद रीतीला भुलू नका. व्ही २ मध्ये ती सेन्सरचा फक्त मधला भाग वापरते, त्यामुळे क्षेत्र निम्म्याहून कमी होते. शिवाय एका रीतीत केलेले मोजमाप दुसऱ्या रीतीत तसेच लागू होईल असे धरून चालू नका. रीत बदलली की कॅलिब्रेशन (एक पिक्सेल म्हणजे किती मायक्रॉन ते ठरवणे) पुन्हा.

ऑब्जेक्टिव्हचे आटे २०.३२ मिमी व्यासाचे, इंचाला ३६. पीएलए प्लास्टिकमध्ये छापता येतात, पण थर ०.१ मिमीचा ठेवा आणि पहिल्यांदा ऑब्जेक्टिव्ह हळू फिरवून आटे जिरवून घ्या. जोर केला तर पितळ जिंकते.

फोकससाठी एम ३ बोल्ट, आट्यांमधले अंतर ०.५ मिमी. दहा अंश फिरवला की १४ मायक्रॉन सरकतो, तो ४× ला पुरेसा बारीक आहे. बोल्टच्या विरुद्ध बाजूने स्प्रिंग किंवा दोन रबरबँड लावून ताण ठेवा, नाहीतर दिशा बदलताना हात आधी मोकळाच फिरतो. सगळे यंत्र कडप्प्याच्या तुकड्यावर, आणि कडप्प्याखाली सायकलच्या ट्यूबची थोडी हवा भरलेली वळकटी. छताच्या पंख्याची थरथर याने बरीच कमी होते.

मोटर लावून सरकता मंच हवाच असेल तर ओपनफ्लेक्शर या छापील सूक्ष्मदर्शकाचा आराखडा मुक्त आहे आणि त्यातले वाकणारे सांधे साध्या प्रिंटरवर निघतात. पण या प्रयोगाला सरकता मंच लागत नाही. तो खर्च आणि छपाईचे तास वाचवा.

कॅमेऱ्याचे भिंग उलटे बसवण्याची युक्तीही चालते. दोन सारखी भिंगे तोंडाला तोंड लावली की वर्धन १ होते आणि क्षेत्र ३.६८ मिमी रुंद मिळते. पण भिंग आणि स्लाइड यांच्यात एक-दोन मिमीच उरतात आणि तिथे निळे एलईडी मावत नाहीत. ऑब्जेक्टिव्ह फुकट हाताशी असताना तो खटाटोप कशाला?

---

कंदील

फिरकी यांनी भिंगाची बाजू घेतली आहेच. तुमचा खरा घोटाळा दुसऱ्या मुद्द्यात आहे. खालचा पांढरा एलईडी आधी काढा.

पांढरा एलईडी म्हणजे निळा एलईडीच, वर पिवळ्या फॉस्फरचा थर दिलेला. ४५० नॅनोमीटरच्या आसपास त्याचा ठसठशीत निळा उंचवटा असतो. युग्लीनाचा प्रकाशग्राही फ्लेविनवर चालणारा आहे (प्रकाशाने चेतणारे अॅडेनिलिल सायक्लेज हे प्रथिन २००२ मध्ये ओळखले गेले) आणि त्याला निळाच कळतो. तुम्ही बाजूने निळा दाखवता तेव्हा खालून त्याच्या कित्येक पट निळा आधीच येतो आहे. कुठे वळायचे ते तिला कळणार कसे?

पाहण्यासाठी लाल, चेतवण्यासाठी निळा. खालून ६२०-६३० नॅनोमीटरचा साधा ५ मिमी लाल एलईडी वापरा. तो युग्लीनाला दिशा दाखवत नाही. ८५० चा अवरक्त घेऊ नका. साध्या पाय कॅमेऱ्यात अवरक्त अडवणारी गाळणी असते, चित्र काळे येईल. लाल आणि निळा वेगळे करायला गाळणीही लागत नाही. सेन्सरवरच लाल-हिरवे-निळे चौकोन आहेत, विश्लेषणाला फक्त लाल चॅनेल घ्यायचा. निळ्याची थोडी झिरप लाल चॅनेलमध्ये दिसली तर नळीच्या तोंडाशी लाल जिलेटीन कागदाची एक घडी.

आणखी सोपे करायचे तर काळ्या पार्श्वभूमीवर पाहा. ४× चा शंकू जेमतेम पावणेसहा अंशांचा असतो. स्लाइडच्या ४० मिमी खाली, १५ मिमी त्रिज्येच्या वर्तुळात चार लाल एलईडी स्लाइडकडे तोंड करून ठेवा. त्यांचा प्रकाश सुमारे २० अंशांनी येतो, भिंगात थेट शिरत नाही, आणि युग्लीना काळोखात चमकतात. संगणकाला माग काढायला याहून सोपे चित्र नाही. मात्र स्लाइडवरची धूळही तितकीच चमकते.

आता निळ्याची दिशा. इथे बहुतेक जण फसतात. वरून तिरपा एलईडी धरला की प्रकाश 'बाजूने' आला असे वाटते, पण पाण्यात शिरताना तो उभा होतो. लंबापासून ६० अंशांवर धरलेला किरण कव्हरस्लिप ओलांडून पाण्यात गेला की ४१ अंशांवर येतो. एलईडी अगदी टेकवून आडवा धरलात तरी पाण्यात ४९ अंशांपलीकडे जाऊच शकत नाही. म्हणजे तुमचा निळा प्रकाश बाजूपेक्षा वरूनच जास्त पडत होता.

उपाय: प्रकाश स्लाइडच्या कडेतून आत घाला. कडा घासलेल्या, दुधी दिसणाऱ्या स्लाइड घ्या. त्या कडेवर प्रकाश विखुरतो, काचेतून पुढे जातो आणि जो पाण्यात निसटतो तो लंबापासून सुमारे ६० अंशांच्या पुढे, म्हणजे बराचसा आडवा असतो. गुळगुळीत कडेच्या स्लाइडमध्ये समोरून आलेला प्रकाश पूर्ण परावर्तन होऊन काचेतच अडकतो आणि दुसऱ्या टोकाने निघून जातो. कडा गुळगुळीत असतील तर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर पाणी घालून घासा.

स्लाइड ७६ × २५ मिमीची असते, त्यामुळे दोन दिशा जवळ आणि दोन लांब पडतात. चारी बाजूंनी एलईडी लावायचे असतील तर तसबिरी करणाऱ्याकडून २५ × २५ मिमीचे तुकडे कापून घ्या. मग चारही बाजू सारख्या होतात.

जोडणी. पायच्या जीपीआयओ (बाहेरची उपकरणे चालवायच्या) पिनवरून निळा एलईडी थेट चालवू नका. पिन ३.३ व्होल्टची, निळ्याला ३.१ लागतात, उरते काय? प्रत्येक एलईडीला एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर: पिनपासून १ किलोओहममधून बेस, ५ व्होल्टपासून २२० ओहम, मग एलईडी, मग कलेक्टर. एमिटर जमिनीला. प्रवाह ८ मिलिअँपिअरच्या आसपास येतो. लाल एलईडी ५ व्होल्टवर ३३० ओहममधून, सतत चालू.

तीव्रता कमी-जास्त करायला पीडब्ल्यूएम (एलईडी झपाझप चालू-बंद करून मंद करणे) टाळा. कॅमेरा चित्र ओळीओळीने वाचतो, त्यामुळे पट्टे उमटतात. रोध बदला: २२० ओहम, २.२ किलोओहम, २२ किलोओहम. दर पायरीला प्रकाश साधारण दहापटीने उतरतो आणि रंगही फारसा बदलत नाही. ही शिडी हवीच, कारण युग्लीना मंद निळ्याकडे जाते आणि प्रखर निळ्यापासून पळते. मधल्या तीव्रतेला काही इकडे, काही तिकडे, आणि सरासरी शून्य! 'जास्त तीव्र केला तरी तेच' याचे एक कारण हेही असू शकते. पालट कुठे होतो ते आपल्या जुळणीत आपणच शोधायचे. फोनवरच्या लक्समापकावर विसंबू नका, लक्स माणसाच्या डोळ्यासाठी असते आणि निळ्याला त्यात फार कमी वजन आहे.

शेवटचे: ऑटो एक्स्पोजर, ऑटो व्हाइट बॅलन्स, दोन्ही बंद. नाहीतर निळा लागला की कॅमेरा सगळे चित्र सावरतो आणि निम्म्या युग्लीना 'नाहीशा' होतात. भिंग काढलेल्या पाय कॅमेऱ्यात कडांना रंग फिका पडतो आणि अंधारी येते. मोकळ्या स्लाइडचे एक चित्र घेऊन बाकीच्या चौकटींना त्याने भागा. काळ्या पार्श्वभूमीत काम करत असाल तर हे भागायचे चित्र दुधी अॅक्रिलिक ठेवून घ्यावे लागेल.

---

घडीपुस्तक

एवढे सगळे करण्यापेक्षा फोल्डस्कोप का नको? मनू प्रकाश यांच्या स्टॅनफर्डच्या प्रयोगशाळेतला कागदी सूक्ष्मदर्शक. १४० पट वर्धन, फोनला चुंबकाने चिकटतो, वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या हातात देता येतो. २.४ मिमीची काचेची गोळी, बस्स.

---

कंदील

ओळख पटवायला फोल्डस्कोपच द्यावा, त्यात वाद नाही. डबक्याच्या पाण्यात युग्लीना आहे की नाही हे जागेवरच कळते. पण मोजमापाला तीन अडचणी आहेत.

२.४ मिमीच्या गोळीचे केंद्रांतर १.७६ मिमी येते आणि गोळीच्या पृष्ठभागापासून नमुना जेमतेम ०.५६ मिमीवर ठेवावा लागतो. निळ्याची जागा गेली. दुसरे, हातात धरून खिडकीकडे पाहिले की खिडकीच चेतना होते. तिसरे, गोळीच्या भिंगात मधलाच भाग स्पष्ट असतो, कडेला गेलेली युग्लीना लांबट दिसते आणि तिचा वेग खोटा येतो.

प्रकाशाचा खेळ दाखवायलाच बनवलेली रचना हवी असेल तर त्याच विद्यापीठातल्या रीडेल-क्रूझ यांच्या गटाने २०१६ मध्ये मांडलेला लुडसस्कोप बघा. छापील सांगाडा, वर फोन, स्लाइडच्या चार बाजूंना चार एलईडी आणि एक जॉयस्टिक. मुले जॉयस्टिकने युग्लीना 'हाकतात'. धागाकर्त्यांची जुळणी त्याच घराण्यातली आहे, फक्त फोनच्या जागी पाय.

---

ओढ्याकाठी

मनापासून आभार. पांढऱ्या एलईडीचे लक्षातच आले नव्हते. स्लाइडबद्दल अजून एक: कव्हरस्लिप ठेवली की पाचेक मिनिटांत सगळे पाणी एका बाजूला वाहू लागते. आणि बऱ्याच युग्लीना गोल होऊन वळवळत राहतात, पोहतच नाहीत.

---

शेवाळे

दोन्हीचे मूळ कोंदणात (स्लाइड आणि कव्हरस्लिपमधल्या पाण्याच्या जागेत) आहे. वाहते कारण कडेने पाणी सुकते आणि त्या बाजूला ओढ लागते. गोल होते कारण जागा अरुंद आहे किंवा तिला धक्का बसला आहे. कव्हरस्लिप नुसती थेंबावर टाकली की थर कुठे २० मायक्रॉन, कुठे ८०. युग्लीनाला भिंतीचा स्पर्श झाला की ती पोहणे सोडून अंग आक्रसते.

पक्के कोंदण: दुहेरी चिकटपट्टी, जाडी ०.१ मिमीच्या जवळपास. शाळेच्या भौतिकशास्त्राच्या कपाटात स्क्रू गेज असेल, त्याने मोजून घ्या. साधी सेलोटेप साधारण निम्मी जाड असते, ती नको. फोमची तर मुळीच नको. २२ मिमीच्या कव्हरस्लिपच्या चार कोपऱ्यांवर ३ मिमीचे चार तुकडे, मधे ५० मायक्रोलिटर पाणी (पूर्ण भरायला साधारण ४८ लागते), आणि चारी कडांना व्हॅसलीनची बारीक रेघ. नेलपॉलिश वापरू नका, त्यातला द्रावक आत झिरपून पेशी मरतात. बुडबुडा राहिला तर स्लाइड टाकून नवी करा. बुडबुड्याभोवती युग्लीना गोळा होतात आणि ते प्रकाशाकडे जाणे समजले जाते. भरल्यावर लाल प्रकाशात दहा-पंधरा मिनिटे शांत ठेवा, मग चित्रण.

स्लाइड अगदी सपाट हवी. युग्लीना अंधारात वरच्या दिशेला पोहतात, गुरुत्वाचा त्यांना अंदाज असतो. मंच थोडा कलला तर थर पातळ असूनही उंच बाजूकडे झुकतात. गवंड्याची पाणसळ मंचावर ठेवून बघा.

मिळवायच्या कुठे: गुरांच्या गोठ्याजवळचे डबके, हौदाची न उपसलेली कड, जिथे शेण-पालापाचोळा कुजतो आणि पाणी गर्द हिरवे, पण तंतुमय नाही. गाळणीत धागे अडकले तर ते स्पायरोगायरासारखे काही, ते नको. रबरी हातमोजे घाला, ड्रॉपर तोंडाने ओढू नका.

वाढवायच्या कशा: नळाचे पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवा, क्लोरीन उडते. २५० मिलीला गव्हाचे आठ-दहा दाणे, पाच मिनिटे उकळून, गार करून. त्यात १० मिली डबक्याचे पाणी. बाटलीच्या तोंडाला दुहेरी सुती फडके, नाहीतर डासांच्या अळ्या होतील आणि डेंग्यूचे निमंत्रण शाळेतूनच जाईल. उत्तरेकडची खिडकी, थेट ऊन नाही. दोन-तीन आठवड्यांत पाणी हिरवे होते. दर तीन-चार आठवड्यांनी नव्या बाटलीत दहावा हिस्सा टाका. तापमान २५ अंशांच्या आसपास उत्तम, ३२ च्या वर गेले की मरगळतात. विदर्भात मे महिन्यात बाटली माठाच्या बुडाशी ओल्या वाळूत ठेवावी, दुसरा इलाज नाही.

गोळा करायच्या कशा: बाटलीला काळा कागद गुंडाळा आणि एका जागी रुपयाएवढी खिडकी कापा. अर्ध्या तासात खिडकीमागे हिरवा ठिपका जमतो, तिथूनच ड्रॉपरने घ्या. पण एक सावधानता: अशा वेचलेल्या युग्लीना आधीच प्रकाशाकडे जाणाऱ्या असतात. 'शंभरातल्या किती वळतात' हे मोजायचे असेल तर बाटली हलवून घेतलेला नमुनाच वापरा.

किती दाट? फिरकी यांच्या ०.९२ मिमी क्षेत्रात एका वेळी वीस युग्लीना हव्या असतील तर मिलीमध्ये साधारण तीन लाख लागतील. याहून दाट झाल्या की एकमेकींवर आपटतात आणि सावलीही धरतात.

प्रयोगाची वेळ रोज एकच ठेवा. युग्लीनाच्या प्रकाशानुचलनाला दिवस-रात्रीचा ठेका असतो, दिवसा जोमदार आणि रात्री मंद. सकाळी अकराचा आणि संध्याकाळी सहाचा आकडा शेजारी ठेवून तुलना केली तर भलतेच निष्कर्ष निघतात.

---

त्रिज्या

चौथा मुद्दा माझ्याकडे घेते.

कॅलिब्रेशन: स्टेज मायक्रोमीटर (बारीक मोजपट्टी कोरलेली स्लाइड) महाग वाटला तर रक्तपेशी मोजायचा न्यूबावर कक्ष आणा, पॅथॉलॉजीचे साहित्य विकणाऱ्यांकडे मिळतो. त्याचा मोठा चौकोन १ मिमीचा आणि मधल्या जाळीतला सर्वांत लहान ५० मायक्रॉनचा असतो. खोली बरोबर ०.१ मिमी. म्हणजे एकाच वस्तूत मोजपट्टीही झाली आणि शेवाळे यांनी सांगितलेले तीन लाखही मोजता आले. आडवे आणि उभे दोन्ही मोजा. दोन्हीत दोन टक्क्यांहून जास्त फरक आला तर सेन्सर तिरका बसला आहे.

चित्रण: सेकंदाला १० चौकटी पुरतात. ६० सेकंद फक्त लाल, ६० सेकंद लाल + डावा निळा, ६० सेकंद फक्त लाल, ६० सेकंद लाल + उजवा निळा. डावा-उजवा दोन्ही हवेतच. दोन्ही वेळा युग्लीना एकाच बाजूला गेल्या तर तो प्रवाह आहे किंवा मंच कलला आहे, प्रकाशाचा संबंध नाही. आणखी एक तपासणी: निळ्याच्या जागी लाल एलईडी त्याच बाजूला, तेवढ्याच प्रवाहावर. त्यालाही 'प्रतिसाद' मिळाला तर तो उष्णतेचा किंवा वाहण्याचा. आयोडीनने मारलेल्या युग्लीनांची एक स्लाइडही चित्रित करा. त्या सरकत असतील तर तो वेग तुमच्या जुळणीचा दोष समजा, सेकंदाला ३ मायक्रॉनच्या आत आणा.

माग: फिजी हे चित्रे मोजायचे मोफत सॉफ्टवेअर, त्यातले माग काढणारे ट्रॅकमेट. आधी सगळ्या चौकटींची मध्यिका काढून प्रत्येकीतून वजा करा, म्हणजे धूळ आणि चिकटलेल्या पेशी निघून जातात. ठिपक्याचा व्यास ४० मायक्रॉन, दोन चौकटींत जास्तीत जास्त ३० मायक्रॉन उडी. तीन सेकंदांपेक्षा लहान माग आणि सेकंदाला २० मायक्रॉनपेक्षा हळू चालणारे माग टाकून द्या.

युग्लीना सरळ पोहत नाही, स्वतःभोवती फिरत मळसूत्रासारखी जाते. सेकंदाला साधारण एक-दोन फेऱ्या. तिची प्रकाश ओळखण्याची युक्ती याच फिरण्यात आहे: लाल नेत्रबिंदू दर फेरीला प्रकाशग्राहीवर सावली धरतो, त्या लुकलुकीवरून बाजू कळते. (पुढचे टोकच प्रकाश ओळखते हे एंगेलमान यांनी १८८२ मध्येच दाखवले होते.) आपल्याला त्रास एवढाच की दोन लगतच्या चौकटींतून दिशा काढली तर ती डोलते. म्हणून एक सेकंदाच्या अंतराने जागा घेऊन दिशा काढा.

आकडा: प्रत्येक मागाला एकच दिशा, एकच मत. चौकटीगणिक मोजू नका. एकच युग्लीना तीनशे चौकटींत दिसली म्हणून ती तीनशे युग्लीना होत नाही. ही चूक जवळपास प्रत्येक शालेय प्रकल्पात असते. दिशा आणि प्रकाशाची दिशा यांमधल्या कोनाचा कोसाइन घ्या, सगळ्या मागांची सरासरी काढा. +१ म्हणजे सगळ्या प्रकाशाकडे, -१ म्हणजे सगळ्या दूर, ० म्हणजे कशाही.

शिवाय सगळ्या दिशांचे एकक सदिश जोडून, मागांच्या संख्येने भागून त्याची लांबी काढा. निव्वळ योगायोगानेही ती शून्य येत नाही. ढोबळ निकष: ३ भागिले मागांची संख्या, त्याचे वर्गमूळ. १०० मागांना ०.१७, वीस मागांना ०.३९. लांबी याहून जास्त असेल तरच 'दिशा आहे' म्हणा. वीस युग्लीनांवर निष्कर्ष का काढू नये ते मुलांना यातून आपोआप दिसते.

एक जोडप्रयोग, तुमची जुळणी तयारच असेल म्हणून: निळा बाजूऐवजी वरून सरळ, आणि तीव्रता एकदम २२ किलोओहमवरून २२० ओहमवर. पोहण्याचा माग त्रिकोण-चौकोनांसारखा कोनाकोनाने वळू लागतो आणि जुळवून घेताना बाजूंची संख्या वाढत जाते. ही बहुभुज चाल २०१८ मध्ये नीट मोजून मांडली गेली. ४× मध्ये स्वच्छ दिसते, आणि आठवीच्या भूमितीच्या तासाला आयतेच उदाहरण मिळते.

---

ओढ्याकाठी

हे सगळे छापून मंडळाच्या फळ्यावर लावतो. मुलांचा एक हट्ट उरला आहे: कशाभिका (पोहायचा चाबकासारखा धागा) हलताना दिसायला हवी. आणि निळ्या-हिरव्या शेवाळाला हीच जुळणी चालेल का?

---

फिरकी

कशाभिका या जुळणीत नाही. ती अर्ध्या मायक्रॉनहूनही बारीक आणि सेकंदाला वीस-चाळीस वेळा हलते. सेकंदाला ३० चौकटींत ती उलटी किंवा थबकलेली दिसेल, चित्रपटात गाडीचे चाक दिसते तशी. ४०× ने, काळ्या पार्श्वभूमीवर, एका दाबलेल्या पेशीवर स्थिर चित्र घ्या आणि हट्ट तेवढ्यावर भागवा.

---

शेवाळे

निळ्या-हिरव्यात ऑसिलेटोरिया घ्या. ओलसर भिंतीच्या पायथ्याशी, कुंडीच्या बुडाशी काळपट-हिरवी बुळबुळीत साय असते तीच. तिला कशाभिका नाहीत, घसरत जाते, आणि तेही सेकंदाला काही मायक्रॉनच. म्हणून सेकंदाला १० चौकटी नकोत, १० सेकंदांना एक पुरे, आणि चित्रण अर्धा तास. पाण्याच्या थराऐवजी एक टक्का आगरच्या पातळ चकतीवर तंतू ठेवा, वर कव्हरस्लिप. इथे तुमची लाल-निळा विभागणी मात्र जशीच्या तशी लागू होणार नाही. या जीवांना लालही कळू शकतो. तेव्हा खालचा लाल सतत चालू ठेवू नका, चित्र घेण्यापुरता अर्धा सेकंद लावा, आणि बाजूच्या एलईडीत निळा, हिरवा, लाल असे तिन्ही रंग आलटून पालटून द्या. लाल बाजूने देताना लाल चॅनेलमध्ये त्याची झिरप दिसेल, म्हणून चित्र घेतानाच्या अर्ध्या सेकंदात तो बंद ठेवा.